क्लचवरचा पाय

नितेश,
फोन उचलत नाहीस, म्हणून चिठ्ठी तुझ्या हेल्मेटमध्ये ठेवतेय. पप्पांच्या गाडीला क्लचमागचं फ्लायव्हील हलकं घ्यायचं की कंपनीचं, यावर तू तीन आठवडे व्हिडिओ बघत बसलास. आज मीच मुलुंडच्या गॅरेजमध्ये कंपनीचं बसवून घेतलं. जुनं चाक क्लचला घासून जळून निळं पडलंय. मेकॅनिक म्हणाला, कुठलंही टाका, परत हेच होणार. चालवणाऱ्याचा पाय क्लचवरून उठतच नाही.

परवा पप्पांची डावी चप्पल जिन्यात निसटली आणि ते तसेच घरात आले, तेव्हा तू हसलास. त्यांच्या पायाला कळत नाहीये रे. शुगर आहे त्यांना.

उद्याच डॉक्टरांची वेळ घे. गाडी मी ऑफिसखाली लावतेय. पप्पांनी विचारलं तर सांग, कुठलं फ्लायव्हील घ्यायचं ते अजून ठरत नाहीये. तू म्हणालास तर त्यांना लगेच पटेल.

दीप्ती