प्रेरणाच्या ओटीबाबत खुलासा

पडेगाव, छत्रपती संभाजीनगर
गुरुवार, सकाळचा पहिला चहा झाल्यावर

तीर्थस्वरूप सरूअक्कास धाकट्या भावाचा, म्हणजे कारभारीचा, पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (ठेवलेलं डोकं इतक्यात उचलणार नाही. आधी पत्र पूर्ण वाच, मग आशीर्वाद द्यायचा की टपली मारायची ते ठरव.) इकडे सुलेखा आणि मी, दोघं बरे आहोत. तुझा गुडघा काय म्हणतो? दाजींची शुगर कितीवर आहे, आणि ते अजून जिलेबीला 'फळ' म्हणतात का? हे पत्र तू स्वतः चष्मा लावून वाच. फारच झालं तर दाजींकडून वाचून घे, पण सूनबाईच्या हातात देऊ नकोस. मोनिका गुणी आहे, फक्त ती पत्राचा फोटो काढून प्रेरणाला पाठवील, आणि मग माझी या घरात काही इज्जत राहणार नाही.

मंगळवारी तुझा फोन आला तेव्हा मी 'हॅलो' म्हणायच्या आत तू बोलायला लागलीस आणि मी 'अगं पण' म्हणायच्या आत ठेवून दिलास. मधल्या भागातून मला एवढंच कळलं, की "पोरीची ओटी भरली अन् सख्ख्या आत्याला सांगितलं नाय. लई मोठे झालात!" त्यानंतर मी सात वेळा फोन लावला. सहा वेळा नुसता वाजला. सातव्यांदा मोनिकाने उचलला आणि "मामा, आई म्हणतात की त्या घरात नाहीत" असं सांगितलं. मागे तू खोकत होतीस. पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं कारकुनी केली, जगभरच्या लोकांना खुलासे लिहून दिले, पण स्वतःचा खुलासा लिहायची वेळ कधी आली नव्हती. ती निवृत्तीनंतर सख्ख्या बहिणीने आणली.

तर खुलासा असा. प्रेरणाचं लग्न झालेलं नाही, ठरलेलं नाही. कुणाचीही ओटी भरलेली नाही. भरायचा होता तो ओटीपी. तो काय प्रकार असतो ते सांगतो, पण त्यासाठी जरा मागे जावं लागेल. (तू म्हणशील, कारभारी मूळ मुद्द्यावर कधी आलाय? खरं आहे.)

संक्रांत झाली आणि प्रेरणाने जाहीर केलं, की ती चिकलठाण्याला खोली घेऊन राहणार. कंपनीत तिची सकाळची पाळी साडेसहाला सुरू होते, आणि आमचं पडेगाव शहराच्या एका टोकाला तर चिकलठाणा दुसऱ्या. इथपर्यंत मला पटलं. पण मग ती म्हणाली, "बाबा, मला स्वतःच्या पायावर उभं राहायचंय." सव्वीस वर्षांची पोर, पगार माझ्या शेवटच्या पगाराला टेकत आलेला, पायावर उभीच आहे की! तिला एवढं उभं राहायला शहराचं दुसरं टोक कशाला लागतं, असं मी विचारलं. यावर सुलेखाने माझ्याकडे अशी काही नजर टाकली, की मी मुकाट्याने टेम्पो ठरवायला गेलो. टेम्पोत काय काय गेलं ते ऐक: ज्वारीचं पीठ, आमटीचा येसर, दोन बरण्या लोणचं, कुकर, माठ, माठाची तिवई, तवा (आपला जुना, कारण नव्या तव्यावर भाकरी फुगत नाही), शेंगदाण्याची चटणी आणि एक गादी. तिचं स्वातंत्र्य एका खेपेत मावलं नाही, दुसरी खेप करावी लागली. खोलीत तिच्या जोडीला आमरीन नावाची मुलगी आहे, तिच्याच कंपनीतली, स्वभावाने फार गोड. दर रविवारी आमरीनच्या आईकडून मटणाचा खलिया येतो आणि आमच्याकडून भाकऱ्या जातात. दोन स्वतंत्र मुली दोन आयांच्या जिवावर मजेत आहेत. पहिले आठ दिवस तर वरणाला शिट्ट्या किती, हे विचारायला रोज फोन यायचा. मी सुलेखाला म्हणालो, बघ, चार महिन्यांत परत येते की नाही.

नवव्या दिवशी गॅसवाला आला. खांद्यावर सिलिंडर, आणि जिन्यातूनच म्हणाला, "काका, ओटीपी बोला." आता ओटीपी म्हणजे चार आकडे. आपण काही मागवलं की ते फोनवर येतात, ते आणणाऱ्याला सांगायचे, तेव्हा कुठे वस्तू हातात मिळते. मी माझा फोन पाहिला. त्यात तू पाठवलेल्या सुप्रभातच्या गुलाबाशिवाय काही नव्हतं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. प्रेरणा बारावीत असताना घरात पहिला चांगला फोन आला तो तिच्याकडे, आणि तेव्हापासून गॅस, लाइट, बँक, माझ्या बीपीच्या गोळ्या, सगळीकडे नंबर तिचाच दिलेला. माझं नाव कारभारी, आणि घरचा सगळा कारभार चिकलठाण्याला निघून गेलेला! कंपनीत फोन आत नेऊ देत नाहीत, तो कपाटात ठेवावा लागतो, चहाच्या सुट्टीत सव्वादहाला मिळतो. गॅसवाल्याने सिलिंडर पायरीवर ठेवला, स्वतः पायरीवर बसला, सुलेखाचे पोहे खाल्ले आणि मेहुण्याच्या लग्नात त्याचा कसा अपमान झाला ते पहिल्यापासून सांगितलं. वीस मिनिटांनी प्रेरणाचे चार आकडे आले, तेव्हा सिलिंडर घरात आला. मेहुण्याचं चुकलंच होतं.

त्या दिवशी मी बराच वेळ विचार करत बसलो. आजकालची पोरं आईबापांवर किती अवलंबून असतात यावर मी कट्ट्यावर मोठमोठी भाषणं दिलेली आहेत. (दाजींनी दोन ऐकली आहेत, त्यांची क्षमा मागतो.) आणि आपलं काय होतं, अक्का? मी छत्तीस वर्षांचा, दोन माणसांना साहेब म्हणायला लावणारा हेडक्लार्क, तरी स्कूटरचा रंग आप्पांनी ठरवला. मला निळी हवी होती. ते म्हणाले, निळी लांबून दिसत नाय. पिवळी घेतली, आणि अकरा वर्षं सगळं ऑफिस मला 'हळद' म्हणत होतं. पण आप्पा ओट्यावर बसून पिवळा ठिपका दिसायची वाट बघायचे, हे त्यांच्या माघारी तूच मला सांगितलंस. त्या मानाने प्रेरणाने स्वतःची गाडी स्वतः निवडली, काळी, रात्रीची अजिबात न दिसणारी. मी तोंडातून शब्द काढला नाही. हा मोठेपणा माझ्या नावावर कुठेतरी लिहून ठेव.

आता मूळ मुद्दा. (आलो बघ!) गेल्या शनिवारी दुपारी एक पार्सल आलं. आणणारा दारात, ओटीपी प्रेरणाच्या फोनवर, आणि आमच्या घरात धड रेंज फक्त गच्चीत. मी गच्चीत जाऊन ओरडतोय. शेजारच्या गच्चीत चतुराबाई कुरडया वाळत घालत होत्या. त्यांचा उजवा कान कामातून गेलेला आहे, आणि त्याची सगळी कसर डावा भरून काढतो. मी ओरडलो, "अगं प्रेरणा, ओटीपी भरायचा राहिलाय, माणूस दारात उभा आहे!" रेंज तुटत होती म्हणून पुन्हा ओरडलो, "पाच की सात? नीट सांग, पाच की सात?" डाव्या कानाने एवढं ऐकलं आणि हिशेब जुळवला: ओटी भरायची राहिलीय, माणूस दारात उभा आहे, आणि महिना पाचवा की सातवा ते बापालाही नक्की माहीत नाही. पाचव्यात चोरओटी, सातव्यात थाटाची, हे त्यांना कुणी शिकवायला नको.

दिवेलागणीच्या आत चतुराबाई आमच्या दारात. हातात नारळ, खण, सुपात तांदूळ. कुरडयांचं पीठ मनगटाला तसंच. सुलेखाला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाल्या (त्यांचा हळू आवाज चौकापर्यंत जातो), "वहिनी, झालं ते झालं. पोर आपली हाय. लोक दोन दिवस बोलतील अन् गप बसतील. ओटी बिनभरली ठेवायची नाय." सुलेखाच्या हातातून चहाची गाळणी पडली. मी खुलासा करायला गेलो तर मलाच म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही बाप माणूस, तुम्ही नका बोलू." खरं सांगतो, मी आधी चिडलो, मग हसलो, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर डोळ्यांत पाणी आलं. त्या बाईला जे कळलं होतं ते कळल्यावर दुसरी एखादी दार लावून बसली असती. ही नारळ घेऊन आली. आणि तुझंही तेच, अक्का. तुझी मावसजाऊ चतुराबाईंची विहीण निघावी, हा माझ्या नशिबाचा भाग. पण मंगळवारी तू 'हे काय झालं' असं विचारलं नाहीस, 'मला का नाय सांगितलं' एवढंच विचारलंस. तुझ्या शिव्या मी डोक्यावर घेतल्या आहेत. खरी ओटी भरायची वेळ येईल तेव्हा पहिला मान तुझा, हे मी इथे लेखी देतो.

प्रेरणाला हे सगळं सांगितलं तेव्हा ती एवढी हसली, की फोन आमरीनने घेतला, आणि तीही हसायला लागल्यावर फोन कुणाच्याच हातात राहिला नाही. मग प्रेरणा शांत होऊन म्हणाली, "बाबा, माझ्यामुळं तुमची किती पंचाईत होते. रविवारी येते, सगळीकडे तुमचा नंबर टाकून देते. मग तुम्हाला माझी गरजच नाही पडणार." चांगल्या मनानेच म्हणाली. मी 'बरं' म्हणालो.

तर असा हा खुलासा आहे. राग सोड, फोन उचल. तुझा विश्वजीत आज मोटारीचे पार्ट घ्यायला शहरात आलाय, त्याच्याच हाती पत्र देतो. तो आत पोहे खातोय. दाजींना नमस्कार, लहानांना गोड पापा.

तुझा, वयाची साठी उलटलेला, धाकटा
कारभारी

ता. क. एक छोटं काम होतं. येत्या रविवारी तुझा गुडघा जरा जास्त दुखेल का? दुखला तर प्रेरणाला फोन करून तुझ्याकडे सिल्लोडला बोलावून घे. आत्याचा गुडघा म्हटल्यावर ती नाही म्हणणार नाही. नंबर बदलायचा तो घाईचा नाही. खरं तर गॅसवाल्याने मला मागेच कागद आणून दिला, सही करून दिला की दोन मिनिटांचं काम. सही केलेली आहे. कागद कॅलेंडरच्या मागे आहे, गेले दोन महिने.

अक्कांना सुलेखाचा नमस्कार. हे पाणी प्यायला उठले तेवढ्यात लिहून घेते. शनिवारी कसलं पार्सल होतं ते यांनी लिहिलं नाही. डास मारायची बॅट होती, घरातली चौथी. त्याआधी हिंगाची डबी, चपलेचा ब्रश, टॉर्च, परत हिंग. दोन दिवसांआड काहीतरी मागवतात, आणि सव्वादहाला फोन घेऊन गच्चीत उभे राहतात. ती आकडे सांगते, मग हे विचारतात, जेवलीस का, गाडी हळू चालवतेस ना. यांचा बीपी त्या गोळ्यांनी उतरतो असं डॉक्टरांना वाटतं. रविवारचं तेवढं बघा.

ता. क. दुसरं. सुलेखाने वर काय लिहिलंय ते वाचलं. खोडणार नाही, खाडाखोड कागदाला शोभत नाही. विश्वजीत बूट घालत होता तेवढ्यात सव्वादहा झाले आणि प्रेरणाचा फोन आला. "बाबा, ओटीपी आलाय, लिहून घ्या. दोन, नऊ, चार, चार." हाताशी या पत्राचं पाकीट होतं, त्याच्याच मागे लिहिला. मग विचारलं, जेवलीस का. म्हणाली, तुम्ही गोळी घेतली का, आईची कंबर कशी आहे, ऊन फार आहे, गच्चीत उघड्या डोक्याने उभे राहू नका. चहाची सुट्टी संपली तशी ठेवला. मी सुलेखाला विचारलं, तू काय मागवलंस? ती म्हणाली, काही नाही. मीही मंगळवारपासून काही मागवलेलं नाही, तुझी शपथ. तरी अर्धा तास दारात उभा राहिलो, विश्वजीतलाही थांबवून ठेवला. कुणी आलं नाही. सुलेखा म्हणाली, अहो, आत या, आता कोण येणार? यायचं होतं ते सव्वादहालाच येऊन गेलं.

तेव्हा रविवारचं राहू दे, अक्का. गुडघा बरा ठेव. तिला येऊ दे, काय नंबर बदलायचे ते बदलू दे. फक्त पत्र वाचून झालं की रिकामं पाकीट विश्वजीतबरोबर परत पाठव, मागच्या आकड्यासकट.