डावीकडची रोहिणी

रविवार, संध्याकाळ

आज सरावात मन लागत नव्हतं. नागापूरच्या मोकळ्या प्लॉटवर पोरांना पेंटबॉल शिकवत होतो. नेम चांगला धरतात, पण खेळतात अगदी मुक्यासारखे. माझी धाकटी बहीण रोहिणी लग्न होऊन मिरजगावला जाईपर्यंत डावीकडच्या टायरांमागे असायची. समोरचे कुठं लपलेत ते ती ओरडून सांगायची आणि त्या आवाजावर आम्ही पुढं सरकायचो. तसा आवाज आता कुणाचा?

आणि आज तीच आली. गावी आईकडं माहेरपण करून परत निघालेली, दाजींना मोटरसायकल इकडं वळवायला लावली म्हणे. "एकच डाव," म्हणाली आणि मास्क चढवून थेट टायरांमागे. लगेच आवाज आला, "दादा, पिंपामागं दोघं हायत." मी पुढं सरकायचंच विसरलो. रंगाची गोळी छातीवर फुटली, बाद झालो. मग कडेला उभा राहून नुसता तिचा आवाज ऐकत राहिलो.

जाताना विचारलं, "पुढच्या रविवारी येशील?"

"न्हाई जमायचं. कांदा काढायला आलाय." मास्क माझ्या हातात देत तिनं हळूच विचारलं, "माझ्या जागी कोन हाय आता?"

"कुनी न्हाई."

"मग घे की कुनाला तरी," म्हणाली आणि दाजींच्या मागं बसली.

घ्यायला हवंच, कळतं मला. पण 'कुनी न्हाई' ऐकून तिला किती बरं वाटलं, ते मी बघितलं ना. आता कसं घेऊ?