घरच्या दुधाची बाटली

सोलापूर, रविवार

आईस चैतालीचा जयभीम.

मी बरी आहे. मेसची भाकरी अंगवळणी पडली. माझी ओवी झोपताना मला शोधते का, ते कळव.

दिपकदादा दर रविवारी आपल्या शेळ्यांचं दूध देऊन जातो, त्याचं मी काय करते असं तू विचारलं होतंस. दुधात जनावराच्या औषधाचा अंश ओळखणारी पट्टी मी बनवतेय. तिच्यावर डीएनएचा बारीक धागा असतो, त्याला ॲप्टामर म्हणतात. तो एकच औषध ओळखतो. ते सापडलं की त्याला धरून वळतो आणि यंत्रावर आकडा चढतो. बिनऔषधाचं दूध म्हणून मी आपलंच वापरते. घरचं आहे, त्यात काही नसतं, असं सरांना मीच सांगितलं.

गेल्या दोन बाटल्यांना आकडा चढला. मी वहीत 'पट्टी बिघडली' असं लिहून अकरा नव्या केल्या. त्याही तेच दाखवतात. नवी पेठेतल्या पिशवीच्या दुधाला मात्र आकडा चढत नाही.

मग आठवलं. आपल्या काळी शेळीची कास सुजली तेव्हा तू फोनवर म्हणालीस, "सुई दिली की, आता बरी हाय." त्या सुईत बहुधा हेच औषध असतं. सुईनंतर काही दिवस दूध टाकून द्यायचं असतं, हे मी तुला कधी सांगितलंच नाही.

फोनवर तू घाबरशील, म्हणून ही चिठ्ठी दादाच्या हाती देतेय. सुई कोणत्या तारखेला दिली, ते खरं लिही. मी रागावणार नाही. ओवीच्या वाटीत तोवर पिशवीचं दूध घाल.

तारीख कळली की वहीतल्या त्या ओळीवर काट मारेन. पट्टी बिघडलेलीच असती तर बरं झालं असतं.

तुझी,
चैताली