अवसरीची अहिंसक मेथड

३ नोव्हेंबर १९१३, ज्ञानपंचमी. सकाळी सात.
वह्या-पुस्तकांची पूजा झाली. मुहूर्त साधून नवी रोजनिशी सुरू. युनिव्हर्सिटीने पब्लिक हेल्थची नवी डिग्री काढली आहे. आधी डॉक्टर झालेल्यांनाच प्रवेश. जागा आठ. अर्जासोबत एका गावात स्वतः केलेल्या कामाचा रिपोर्ट हवा. आठांतला एक मी. उरलेल्या सातांनी आपापली सोय पाहावी.

विषय ठरला : अवसरी बुद्रुकचे उंदीर आणि प्लेग. गाव आपलंच, दुकान आपलंच, उंदीरही बहुतेक आपल्याच बाजरीवर पोसलेले.

रेझोल्यूशन. एक, रोज पहाटे पाचला उठणे. दोन, सर्वांच्या आधी स्वतः प्लेगची लस टोचून घेणे.

४ नोव्हेंबर.
आठला उठलो. लस उद्या. आज दंड जरा जड वाटतो.

७ नोव्हेंबर.
सरकारी पिंजरे आले. पहिल्याच खेपेला एकवीस उंदीर. नियम असा की पिंजरा उकळत्या पाण्यात बुडवायचा. हंडा चुलीवर चढवला. तोच मातोश्री कस्तुरबाई समोर येऊन बसल्या. म्हणाल्या, "अमृत, एक जीव जरी मेला तरी मी अन्नपाणी सोडीन." आईला घरात सगळे बाईच म्हणतात. बाई बोलतात ते करतात. पर्युषणात आठ दिवस नुसत्या पाण्यावर राहिल्या होत्या. हंडा उतरवला आणि त्याच पाण्याने आंघोळ केली.

आंघोळीतच सुचलं. उंदीर मारायचे कशाला? धरायचे, मोजायचे आणि गावाबाहेर सोडून द्यायचे. उंदीर गेला की त्याच्या अंगावरची पिसूही गेली. गावात पिसू नाही तर प्लेग कुठला? विलायतेतही हे कुणाला सुचलेलं नाही. नाव : अवसरी अहिंसक मेथड.

८ नोव्हेंबर.
जागा जातीने पाहून ठरवली. चिंचेचा माळ, गावापासून अर्धा कोस. पाणी जवळ, जमीन कोरडी, वस्ती नाही. नकाशावर हिरव्या शाईने खूण केली.

पिंजरे वाहायला भिमाजी. हा पश्चिमेच्या डोंगरातला. तिकडच्या भातात आणि नाचणीत भागेना, म्हणून बायको लंकाबाईला घेऊन आमच्या दुकानात हमालीला आला. कावडीला दोन्हीकडे पिंजरे बांधून निघाला. म्हणाला, "डाक्टर, आमच्याकडं उंदीर मरून पडाया लागलं की मान्सं घर सोडत्यात. तुमी उंदराला घर सोडाया लावताय. लई न्यारं." कौतुकच असावं.

१९ नोव्हेंबर.
एकूण स्थलांतरित उंदीर १८६. बाई खूश. एकच काळजी त्यांना : नव्या जागी बिचारे खातील काय? आजपासून कावडीबरोबर रोज शेरभर बाजरी. मी अडवलं नाही. पोट भरलं तर उंदीर परत येणार नाहीत, ही शास्त्रीय बाजू आहेच.

पहाटे उठणं सोडलं. झोप अपुरी झाली तर स्टॅटिस्टिक्स चुकतात. लस सोमवारी.

१२ डिसेंबर.
५०३. हौशीराम न्हावी रोज पारावर बसून मोठ्याने मोजतो आणि प्रत्येक शंभराला टाळी वाजवतो. रिपोर्टचं पहिलं पान झालं. अर्पणपत्रिका तीनदा बदलली.

२ जानेवारी १९१४.
आसपासच्या गावांत केसेस ऐकू येतात. आपल्याकडे शांत. दुसरं कारण संभवत नाही, मेथडच.

चावडीवर लस टोचायचा कार्यक्रम ठेवला. कुंडलिक पाटील म्हणाले, "आधी तुमी घ्या, डाक्टर. मंग आमी." मी केव्हाच घेतली आहे असं सांगितलं. मनाने घेतलीच आहे, राहता राहिला दंड. भिमाजीने तेवढी बाही वर केली. लंकाबाई म्हणाली, "मंग बगू." बाकी कुणी पुढे येईना. लोक फार भित्रे.

११ जानेवारी.
आमच्या कोठारात एक उंदीर मरून पडलेला. म्हातारा असावा.

१२ जानेवारी.
आणखी चार म्हातारे.

१३ जानेवारी.
अकरा. पाटलांना कळवणं भाग पडलं. गाव सोडायचं ठरलं. पाटील म्हणाले, "झोपड्या कुटं टाकायच्या त्ये तुमीच सांगा. तुमी शिकल्यालं." नकाशा उघडला. पाणी जवळ, जमीन कोरडी, वस्ती नाही, अशी जागा एकच. चिंचेचा माळ. तांबड्या शाईने खूण केली. हिरव्या खुणेवर ती नीट उमटेना, म्हणून दोनदा गिरवली.

१६ जानेवारी.
सगळं गाव माळावर. आमचीही झोपडी उभी राहिली. खांब पुरता पुरता भिमाजी थांबला. "डाक्टर, हितंच तर समदं उंदीर सोडलं व्हतं. दोन म्हैनं बाजरी घातलीय म्या. त्ये कुटं गेलं न्हाईत."

त्याला हळू बोलायला सांगितलं. मग समजावलं की ते उंदीर निरोगी होते, मोकळ्या हवेत आणखी निरोगी झाले असणार. तो "व्हय" म्हणाला. त्याची व्हय म्हणायची तऱ्हा मला आवडली नाही.

पाटलांना सांगावं का? सांगितलं तर छावणी हलवायची, म्हणजे रिपोर्टातलं 'छावणीची शास्त्रीय निवड' हे प्रकरण बाद. लिहून झालंय, सोळा पानं. उद्या सांगतो.

२० जानेवारी.
पाटील कामात होते. मीही कामात होतो.

२४ जानेवारी.
रिपोर्ट पूर्ण. स्थलांतरित उंदीर ७१४. प्लेगने मृत्यू : शून्य. आजच्या तारखेला हे अक्षरशः खरं आहे. पाटलांनी न वाचताच रिपोर्टासोबतच्या दाखल्यावर सही केली. म्हणाले, "तुमी लिवलंय म्हंजी बराबरच आसंल." मी स्वतः जाऊन रिपोर्ट टपालात टाकला.

परत येताना चिंचेखाली एक उंदीर भरदिवसा झिंगल्यासारखा गिरक्या घेत होता. मी दुसरीकडे पाहिलं.

२८ जानेवारी.
माळावर उंदीर पडताहेत. हौशीराम तापाने फणफणलाय. मोजायला आता कुणी नाही आणि मी मोजत नाही.

३० जानेवारी. सकाळ.
हौशीराम गेला. कोंडाबाई म्हणून एक म्हातारी होती, तीही गेली. लंकाबाईला ताप, काखेत गाठ. दारातूनच तपासलं. रोग्यापासून शास्त्रोक्त अंतर ठेवावं लागतं. भिमाजी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. म्हणाला, "आत या की, डाक्टर." हत्यारं आणतो म्हणालो.

दुपार.
हत्यारं पेटीत होती आणि पेटी माझ्या हातातच होती.

बाई आत जाऊन बसल्यात. तिच्या कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवताहेत. मी इथे चिंचेखाली रोजनिशी घेऊन. मला भीती वाटते. मी लस घेतलेली नाही. सुईची भीती वाटते, म्हणून घेतली नाही. पाटलांना सांगितलं नाही तेही भीतीनेच. लिहिलं आहे, खोडणार नाही.

३१ जानेवारी.
सकाळी पाटलांना सगळं सांगितलं. हिरवी खूण, तांबडी खूण, बाजरी. त्यांनी लगेच दवंडी द्यायला माणूस धाडला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दुपारपर्यंत त्यांनी गाव ओढ्यापलीकडे हलवलं.

स्वतःच्या हाताने लस टोचून घेतली. मुंगी चावावी इतकंच. तीन महिने या मुंगीला भ्यालो. मग लंकाबाईच्या झोपडीत गेलो.

९ फेब्रुवारी.
मी गाठ फोडली होती, ती वाहिली. ताप उतरला. लंकाबाईने आज पेज मागितली. मी बाहेर येऊन रडलो.

माळावरचे मृत्यू एकूण चार. बाईंनी चार उपवास धरलेत. 

२७ फेब्रुवारी. संध्याकाळ.
युनिव्हर्सिटीचं पत्र आलं. निवड झाली. आठांत माझं नाव पहिलं. रिपोर्टातल्या 'मृत्यू : शून्य' या आकड्याचं परीक्षकांनी खास अभिनंदन केलंय.

दुरुस्तीचं पत्र लिहायला बसलो. शून्य खोडून चार करायचे, एवढंच काम. तीन कागद फाडले. चौथा लिहून झाला. सध्या पाकिटात आहे.

भिमाजीला सांगायला गेलो. तो डोंगरात परत निघालाय. लंकाबाई गाठोड्याला टेकून बसली होती, काठीसारखी झालेली. भिमाजीने विचारलं, "मंग तितं काय शिकिवनार तुमास्नी?"

प्लेग कसा पसरतो ते, म्हणालो.

तो कावडीची दोरी आवळत होता. वर न पाहता म्हणाला, "त्ये तर तुमाला येतंय की."

टपाल सकाळी सहाला निघतं. पाचला उठणे.