रस्सा मागितला म्हणून

रविवार, दिवेलागण

संजय नि सूनबाईनं मला गल्लीतल्या नव्या व्हिएतनामी हॉटेलात नेलं. वाडगाभर शेवया, वर पांढऱ्या रश्श्यागत कढण. बरं लागलं. संपल्यावर वाढप्याला म्हटलं, "पावणं, रस्सा वाढा की!" रस्सा मागायला लाज कसली? त्यानं हसत आणलाही.

पण संजय खाली बघत बसला. सूनबाई त्याला हळूच म्हणाली, "बघितलंत? म्हणूनच म्हटलं, आधी एकदा नेऊन बघूया."

म्हणजे माझी परीक्षा होती? एका रश्श्यावरनं?

वाटेत संजय म्हणाला, "आई, प्राचीच्या साखरपुड्याला तू घरीच थांब. पुण्याची माणसं, मोठं हॉटेल. तुला दगदग नको."

आपलेच दात, आपलेच ओठ. सख्ख्या नातीचा साखरपुडा, म्हणून हौसेनं साडी घेतली, फॉल लावायला टाकली. आता ती आणू तरी कशाला?