परातीतला पॅसिफिक

तोयोसु, टोकियो
९ ऑगस्ट

ती. दादा,

शिरसाष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे सध्या सहाच अंगांनी. उरलेली दोन बरी झाली की पोचती करीन.) तुझी प्रकृती कशी आहे हे विचारायला मी एप्रिलपासून फोन करतेय आणि तू तो उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. पत्र नुसतं वाजू देऊन बसून राहता येत नाही. सुमनवहिनी गेल्यापासून तुझं बोलणं बंद झालंय हे कळतं मला. पण तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेल्या माणसाने एकदम एवढं गप्प व्हायचं म्हणजे आम्हाला धास्ती वाटते. बीपीची गोळी घेतोयस ना? समोरचा विनय सांगत होता, दुधाची पिशवी घ्यायला दार उघडतोस आणि लगेच लावून घेतोस. म्हणजे निदान चहा तरी होतोय.

इकडे सगळे खुशाल. अनुरागला ऑफिसात आता मीटिंगच्या आधी एक मीटिंग असते, आणि सूनबाईला, राधिकालाही नोकरी लागल्यामुळे घरात दिवसभर आम्ही आजी-नात, मी आणि नेत्रा. (मी मराठीत विचारते, ती जपानीत उत्तर देते, आणि दोघींचंही समाधान होतं.) तर खरी अडचण नेत्राची आहे. इथल्या शाळेत उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांनी आपल्या आवडीचा विषय घेऊन स्वतः अभ्यास करायचा, मोठा तक्ता बनवायचा आणि शाळा उघडली की सगळ्यांसमोर मांडायचा, अशी पद्धत आहे. बाकीच्या मुलांनी भुंगे घेतले, टोमॅटोची रोपं घेतली. आपल्या दहा वर्षांच्या दिवटीने घेतलं, दुसऱ्या महायुद्धात जपानी आरमाराची आगेकूच समुद्रात कशी अडली. हे खूळ कुणी घातलं ते तुला सांगायला नको. गेल्या दिवाळीत तू तिच्यासमोर जेवणाच्या टेबलावर वाट्या मांडल्यास, सिंगापूर पडलं, जावा पडलं, सहा महिने सगळीकडे जपानचीच सरशी, असं करत कोरल समुद्रापर्यंत आलास, आणि वहिनीने नेहमीप्रमाणे तुझ्या ताफ्यातली एक वाटी आमटीसाठी उचलून नेली. उरलेलं फोनवर सांगतो म्हणालास. पोरगी तेव्हापासून कोरल समुद्रात अडकून पडली आहे.

शेवटी मोहीम मी हाती घेतली. माझी पात्रता एवढीच, की हीच लढाई मी साठ वर्षं तुझ्या तोंडून ऐकत आले आहे. इथली घरं म्हणजे परात ठेवली तर माणसाने बाहेर जावं अशी, म्हणून आम्ही पाण्याने भरलेली परात इमारतीच्या तळमजल्यावरच्या बसायच्या खोलीत नेली. (लिफ्टमध्ये थोडा पॅसिफिक सांडला, तो पदराने पुसला.) परातीत चार स्टीलच्या वाट्या सोडल्या, ही जपानची विमानवाहू जहाजं. मध्ये साबणाची वडी, हे मिडवे बेट. मी मराठीत सांगत होते, नेत्रा जपानीत मोठ्याने म्हणून पाठ करत होती. बेटावर पाणी संपल्याची खोटी बातमी अमेरिकेने मुद्दाम सोडली, जपान्यांनी ती पकडून आपसात कळवली, आणि तेवढ्यावरून त्यांचा रोख कुठल्या बेटावर आहे हे अमेरिकेला उमगलं, हे तर मी फार रंगवून सांगितलं. (पाणी संपल्याची बातमी कुणाला खोटी वाटेल, दादा? आपण पुण्याचे.)

कोपऱ्यात आमच्या खालच्या मजल्यावरचे मियाके-सान पेपर वाचत होते. वय अठ्ठ्याऐंशी, ताठ कणा, रोज मला वाकून नमस्कार करणारे. ते पेपर ठेवून बघायला आले. मला श्रोता मिळाला. अंगात तुझंच रक्त, मग काय विचारता! एकेक वाटी बोटाने बुडवत मी “गेली!” म्हणायची आणि हसून त्यांच्यापुढे चिवडा धरायची. चौथी वाटी बुडाली तसे ते उठले, खूप खाली वाकले आणि चिवडा न घेता निघून गेले. संध्याकाळी राधिकाने चौकशी केली. त्यांचे वडील चौथ्या जहाजावर स्वयंपाकी होते. परत आले नाहीत. मियाके-सान तेव्हा पाच वर्षांचे.

मला दोन घास गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी डबाभर बेसनाचे लाडू घेऊन माफी मागायला गेले. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतले, आणि तिसऱ्या दिवशी डबा घासून पुसून परत आला तो पीच भरून. आता आलेला डबा रिकामा कसा ठेवायचा? मी शंकरपाळे पाठवले. पण इथेही घेतलं की परतफेड केलीच पाहिजे असा कडक रिवाज, त्यामुळे डबा खारवलेले आलुबुखार घेऊन वर. मग माझी चकली. मग त्यांचा सुका मासा (तो अनुरागने ऑफिसात वाटला). नऊ दिवसांत त्या डब्याने इतक्या फेऱ्या केल्या की लिफ्टमधल्या बायका मला ओळखू लागल्या. आपलं आणि त्यांचं वळण अगदी एक निघालं, आणि माघार घ्यायला दोघंही तयार नाहीत.

दहाव्या दिवशी ते स्वतः दारात आले. हातात डबा, आणि डबा रिकामा. म्हणाले, आज मागायला आलोय, म्हणून काही आणलं नाही. खिशातून वडिलांचा फोटो काढून त्यांनी टेबलावर ठेवला. त्या पराभवाची बातमी सरकारने दडवली होती, आईला कितीतरी दिवस काहीच कळवलं नाही, आणि पुढे कळल्यावर तिने घरात तो विषयच काढू दिला नाही. नेत्रा एकेक वाक्य मला मराठीत सांगत होती, आणि दादा, तिचं मराठी इतकं नीट मी आजवर ऐकलं नव्हतं.

“पुस्तकांत सगळं वाचलंय,” ते म्हणाले. “पण समोर बसून कुणी कधी सांगितलं नाही. पुन्हा परात मांडाल का?”

मी परात मांडली, पण चौथ्या वाटीला बोट लावायचा धीर होईना. म्हटलं, माझा मोठा भाऊ आहे पुण्याला, पुढचं तोच नीट सांगेल. ते थांबतो म्हणाले. तेव्हा फोन उचल. मुलांना माझे आशीर्वाद म्हणावं तर तुझ्याकडे कुणी नाही, म्हणून तूच तब्येतीला जप.

तुझी,
जयंती

ता. क. १ : फोन उचलणार नसशील तर सरळ ये. सोबत निमंत्रणपत्र आणि हमीपत्र जोडलं आहे, त्याने व्हिसा मिळतो. तू जपानचे सगळे कायदे पाळशील अशी अनुरागने लेखी हमी दिली आहे. त्याने तुला लक्ष्मी रोड ओलांडताना पाहिलेलं नाही.

ता. क. २ : येताना भाजणी आण. सुका मासा आणू नकोस, पुष्कळ आहे.

ता. क. ३ : नेत्रा म्हणते, खोटं लिहिलंस तर मी पत्र टाकणार नाही. तेव्हा ऐक. तिचा तक्ता गेल्या आठवड्यातच पूर्ण झाला, शाळेच्या ग्रंथालयात या विषयाची कपाटभर पुस्तकं आहेत. मियाके-सानना चौथ्या जहाजाचं तिनेच सांगितलं, ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तरंगत होतं इथपर्यंत. ते रडले, मग तिच्या तक्त्यातली दोन अक्षरं दुरुस्त करून दिली. म्हणजे तुझ्यावाचून कुणाचंच अडलेलं नाही. पण दवाखान्यात वहिनीने माझा हात धरून सांगितलं होतं, “मी गेल्यावर यांचं ऐकायला कुणी राहणार नाही, तेवढं बघा वन्सं.” मला ते तुला सांगवलं नव्हतं. इथे आम्ही चौघं आहोत, दादा. मियाके-सानना मराठी येत नाही, पण खुर्ची घेऊन येईन म्हणालेत.