उष्णतेचा त्रास

आई, असल्या गोष्टी आईला लिहीत नाहीत हे मला कळतं. पण दुसऱ्या कोणाला लिहायचं तर आधी सगळं समजावून सांगावं लागेल, आणि समजावून सांगण्याचा मला सध्या कंटाळा आला आहे. तुझ्या बाबतीत ती एक सोय आहे. यातलं निम्मं तुला माझ्या कितीतरी आधी माहीत होतं.

मागच्या आठवड्यात मी मंडईत गवार घेत होतो. सकाळची वेळ, ऊन नाही, फारशी गर्दीही नाही. एकाएकी छातीतून वाफ निघाली, मानेवरून कानांपर्यंत चढली आणि बघता बघता शर्टाची कॉलर ओली झाली. ताप उतरताना घाम येतो तसा नव्हे. कुकरचं झाकण घाईने काढल्यावर तोंडावर येतं ना, तसं, फक्त आतून. हातात गवारीची मूठ धरून मी उभा, आणि डोळ्यांत पाणी. कशाचं, ते विचारू नकोस, मलाही ठाऊक नाही. भाजीवाल्या मावशींनी माझ्याकडे नीट बघितलं आणि गोणपाट सरकवून जागा करून दिली. "बसा दादा. पित्त झालंय तुम्हाला. आणि ती गवार ठेवा खाली, ती काय पळून जात नाय." मी बसलो. माझ्यासारखा माणूस, मंडईत, कोबीच्या ढिगाला टेकून. आणि तिथे बसल्या बसल्या तू दिसलीस.

कसब्यातल्या आपल्या दोन खोल्या. तू ओट्यापाशी उभी आहेस. शेजारच्या घरांच्या आणि त्या एकट्या राहणाऱ्या मास्तरांच्या पोळ्या अकराच्या आत व्हायच्या आहेत. मी विशीतला, दारात फतकल मारून जळक्या पंख्याची तार उलगडतो आहे. तू मध्येच लाटणं खाली ठेवतेस, पदराचं टोक पाण्यात बुडवून मानेला लावतेस आणि तव्यावरची पोळी तशीच टाकून गॅलरीत जाऊन उभी राहतेस. दिवस थंडीचे. खाली रस्त्यावर लोक मफलर गुंडाळून चाललेत. बाबा आतून विचारतात, काय करपतंय? तू उत्तर देत नाहीस. एरवी करपलेल्या पोळीसाठी स्वतःला दिवसभर बोल लावणारी बाई तू.

घरात त्याला एकच नाव होतं, उष्णता. तुला उष्णतेचा त्रास आहे. मग सब्जा भिजत पडायचा, गुलकंदाची बरणी यायची, माठात वाळा टाकला जायचा. शेजारच्या काकू तळपायाला कांद्याचा रस चोळायला सांगायच्या आणि तू चोळायचीसही, म्हणजे संध्याकाळी घरभर तोच वास. पाळी जायचे दिवस आहेत असं कोणी म्हटलं नाही, निदान मला ऐकू जाईल असं तरी नाही.

मी मात्र त्यावर उपाय काढला. मला हे काम कोणी शिकवलेलं नाही, हे तुला माहीत आहे. बारावीनंतर पुस्तक मिटलं आणि पंखा उघडला. तेव्हा मला वाटायचं, बिघाड म्हणजे दोनच गोष्टी, कुठे तरी तुटलंय किंवा कुठे तरी जळलंय. तर मी जुन्या बाजारातून एक मोडका एक्झॉस्ट फॅन आणला. तांब्याच्या तारेचं वाइंडिंग नव्याने भरलं, बेअरिंग बदललं, पाती एकेक करून तोलली. ओट्यावरच्या भिंतीला भोक पाडताना दोरा लावून मध्य काढला. सुरू केला तेव्हा आवाज नव्हता, नुसती हवा. तू बघितलंस, म्हणालीस, छान झालाय. आणि गॅसची ज्योत हलली तसा बंद केलास. मी पुन्हा लावला. तू पुन्हा बंद केलास. तिसऱ्यांदा मी तुला तो किती हवा खेचतो ते समजावायला लागलो, तर तू आवाज न चढवता म्हणालीस, "मला वारा नकोय रे. थोडे दिवस मला कोणी काही विचारू नका, एवढं करा."

हा मी माझ्या वाइंडिंगचा अपमान समजलो. इतकी वर्षं ते वाक्य मी तसंच सांभाळून ठेवलं होतं, तक्रारीसारखं.

आता माझं ऐक. तू गेल्यानंतर काही वर्षांनी मला चिकनगुनिया झाला. ताप गेला, पण अंगातली ताकद परत येईना. दुकानात दुरुस्तीला आलेली पंपाची मोटार उचलून टेबलावर ठेवली की बसावं लागायचं. एका डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, पुरुषांच्या शरीरात जे हार्मोन तयार होतं ते तुमच्यात कमी आहे, इंजेक्शन घ्या. तीन आठवड्यांतून एक. औषध तेलकट, सुई जाड, सावकाश द्यावं लागतं. आणि खोटं कशाला सांगू, त्याने जादू केली. मी पुन्हा जिने चढायला लागलो, चिडणं कमी झालं, दुकान रात्री बंद करताना सकाळसारखाच ताजा असायचो. पुढे ते डॉक्टर प्रॅक्टिस सोडून मुलीकडे गेले. मी थांबलो नाही. वाचून वाचून स्वतःच शिकलो. डोस माझा, तारीख माझी, मांडीत सुई मारणारा हातही माझाच. हाताला कंप नाही, मांडीवर डाग नाही. शिकलेल्या नर्सने यावं आणि बघावं, असा माझा तोरा.

त्याने रक्त दाट होत गेलं ते मात्र दिसत नव्हतं. डोकं जड व्हायचं, तोंड लाल. रक्त दिलं की हलकं वाटायचं, म्हणून मी प्रत्येक रक्तदान शिबिरात पहिला. गणपती मंडळाने शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला, अध्यक्ष माइकवरून म्हणाले, असा दाता पेठेत नाही. मी शाल घेतली आणि घरी आलो. पुढच्या शिबिरात बोटाला टोचणाऱ्या मुलीने मला रांगेतून बाजूला काढलं. काका, तुमचं रक्त फार दाट आहे, घेता येणार नाही, आधी दाखवून घ्या, म्हणाली.

मग या डॉक्टरबाई. येरवड्याच्या बाजूला बसतात, हार्मोनचंच बघतात. त्यांनी जुना रिपोर्ट काढायला लावला आणि चष्मा वर करून विचारलं, डोस इतकी वर्षं कोण ठरवत होतं? मी म्हटलं, मीच. "छान. मग आज माझ्याकडे कसे? तुमच्यातले डॉक्टर रजेवर आहेत का?" त्यांनी रिपोर्टवरची वेळ दाखवली. त्या म्हणाल्या, हे रक्त तुम्ही दुपारी चार वाजता दिलं होतं, तेही तापातून उठल्यावर. हे सकाळी उपाशीपोटी बघायचं असतं, आणि एकदा बघून काही ठरवायचं नसतं. आई, मी एखादी मोटार गेली असं म्हणायच्या आधी तीनदा मीटर लावतो. स्वतःला मात्र एकाच आकड्यावर इंजेक्शनचं आयुष्यभराचं गिऱ्हाईक करून बसलो.

त्यांनी समजावलं ते मी माझ्या भाषेत त्यांनाच परत सांगितलं, तेच तुला सांगतो. सोसायटीत वरची टाकी असते, खाली पंप असतो. टाकीत पाणी कमी झालं की त्यावर तरंगणारा फ्लोट खाली येतो आणि पंपाला हुकूम जातो. आता वरच्या टाकीत रोज टँकरने, म्हणजे माझ्या इंजेक्शनने, पाणी ओतत राहिलं, तर फ्लोट खाली येणारच नाही. हुकूम नाही, पंप नाही; शरीर स्वतःचं हार्मोन बनवायचं थांबतं. वर्षानुवर्षं बंद पडलेला पंप काय होतो ते मी रोज बघतो. बाई हसल्या, म्हणाल्या, उदाहरण बरोबर आहे, आता टँकर बंद करायचा. जपून, माझ्या सांगण्याप्रमाणे, दर काही आठवड्यांनी रक्त तपासत. मी विचारलं, मग पंप सुरू होईल? त्या म्हणाल्या, बघू.

संक्रांतीनंतर बंद केलं. तेव्हापासून मी जो थकलो आहे त्याला शब्द नाहीत. झोपून उठलो तरी झोप हवी असते. तार भरताना वेढे मोजता मोजता विसरतो, पुन्हा पहिल्यापासून. हे माझ्या बाबतीत कधी झालेलं नाही. एखादी जुनी मोटार खोलली, तिच्यावर माझंच वाइंडिंग दिसलं, की पाना खाली ठेवून डोळे पुसतो. मोटारीवरून! आणि वर ह्या वाफा, दिवसातून कितीदाही. दुकानात येणारे म्हणतात पित्त आहे, म्हणतात बीपी आहे, एकाने गुलकंद आणून दिला. बाकीचं तुला सांगत नाही. घरात शांतता आहे एवढं समज.

तुझी सून काळजी करते. डिंकाचे लाडू झाले, मग खजूर, मग कोहळ्याचा रस. दर तासाला विचारते, अहो, बरं वाटतंय का? एका दुपारी मी जेवून उठलो आणि पुन्हा ती वाफ आली, आणि पुन्हा तोच प्रश्न. माझ्या तोंडून निघालं, मला थोडे दिवस कोणी काही विचारू नका. बोललो आणि जागच्या जागी थांबलो. शब्द तुझेच होते आणि आवाजही जवळपास तुझाच.

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. घडी न थांबवता म्हणाली, "बरं, नाही विचारत. मला दोन वर्षं झाली हेच होतंय. तुम्ही तरी कुठे विचारलंत?"

दोन वर्षांपूर्वी तिने पलंग पंख्याखाली ओढून घ्यायला सांगितला होता. मी पलंग तर ओढलाच, वर पंख्याचा कॅपॅसिटर बदलला, तेल घातलं, आणि स्पीड वाढल्याचं तिला दोनदा सांगितलं. "पंखा मात्र छान चालतो हं," ती म्हणाली. मग आम्ही दोघंही हसलो, फार दिवसांनी. हसताना मला पुन्हा रडू यायला लागलं तर तिने घडी घातलेला टॉवेल माझ्याकडे टाकला. थोड्या वेळाने म्हणाली, तुमचं परत यायची आशा तरी आहे, माझं गेलं ते गेलं. आणि खरं सांगू, मला ते परत नकोच आहे.

त्या दिवसापासून आमच्यात एक झालं आहे. कोणाला वाफ आली की दुसरा उठून खिडकी उघडतो आणि पुन्हा आपल्या कामाला लागतो. बोलत नाही.

काल दुसरा रिपोर्ट आला. डॉक्टरबाईंनी दोन आकड्यांवर बोट ठेवलं. मेंदूकडून हुकूम जायला लागला आहे, हा आकडा मागच्या वेळी शून्यासारखा होता, आता वाढलाय. खालून उत्तर मात्र अजून फार क्षीण आहे. मी विचारलं, पंप जाम आहे की जळालाय? त्या म्हणाल्या, ते आज मला सांगता येणार नाही. काहींचं पूर्ण परत येतं, काहींचं अर्धवट, काहींचं येत नाही. नाहीच आलं तर पुन्हा औषध, पण मग माझ्या देखरेखीखाली. कधी कळेल? त्या म्हणाल्या, थांबून बघायचं, तेवढंच आपल्या हातात आहे. त्यांनी ते नीट, प्रेमाने सांगितलं, आणि तेच मला जड गेलं. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

घरी आलो. तुझी सून दारातच होती. काय म्हणाल्या? मी चप्पल काढत म्हटलं, दिवाळीपर्यंत होईल म्हणाल्या.

मोटार उघडून बघितल्याशिवाय मी गिऱ्हाईकाला कधी तारीख देत नाही. पेठेत माझं नाव आहे ते त्यावर. डॉक्टरबाईंनी दिवाळीचा शब्दही काढला नव्हता. ते मी रिक्षात ठरवलं, पूल ओलांडताना. तिला ऐकून बरं वाटलं, तिने लगेच चहा टाकला, आणि मी तो बसून प्यायलो.

हे पाकिटात घालायचं नाही, कोणाला दाखवायचं नाही. दुकानात बसून लिहितो आहे, शटर अर्धं खाली आहे. सकाळपासून दोन गिऱ्हाइकं मला हाक मारून परत गेली. मी घाबरलो आहे, आई. एवढंच लिहायला बसलो होतो, आणि त्याला इतकी पानं लागली.